चहाडी आणि वर्दी

मुलांनो,

प्राथमिक शाळेच्या वर्गात दिवसभरात सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कोणतं, सांगा पाहू? 'बाई, पाणी प्यायला जाऊ?' हे आलं दुसऱ्या नंबरावर. पहिला नंबर 'बाई, ह्याला बघा की!' या वाक्याचा. ह्यानं माझी पेन्सिल घेतली, हिनं मला वाकुल्या दाखवल्या, तो फळ्यावर माझं नाव लिहितोय... दिवसाला पन्नासेक तक्रारी तरी माझ्यापुढं येतात. त्यातल्या बहुतेक मी हसून सोडून देते. पण मधल्या सुट्टीत कुणी धापा टाकत आलं आणि म्हणालं, 'बाई, तो गच्चीच्या कठड्यावर चढलाय!' तर मी हातातला डबा तसाच टाकून पळत सुटते.

दोन्ही तक्रारीच. मग फरक कुठं आहे? पेन्सिलवाल्याला वाटत असतं, बाईंनी समोरच्याला ओरडावं. कठड्याची बातमी आणणाऱ्याला वाटत असतं, समोरचा पडू नये. पहिलीला आपण चहाडी म्हणतो. दुसरीसाठी मराठीत एक छान जुना शब्द आहे, 'वर्दी'. वर्दी म्हणजे पोलिसांचा गणवेश, हे तुम्हाला सिनेमामुळं ठाऊक असेल. पण 'वर्दी देणं' म्हणजे घडलेली गोष्ट जबाबदार माणसाला वेळेवर कळवणं. खेड्यातली आजोबा मंडळी अजूनही म्हणतात, 'पोलीस पाटलाला वर्दी द्या रे कुणीतरी.'

आज याच वर्दीबद्दल बोलायचंय, आणि तीही रस्त्यावरच्या.

विषय निघाला आमच्या पाचवीच्या परिपाठात. एका मुलीनं हात वर केला आणि म्हणाली, "बाई, काल बाजारादिवशी वडापची एक जीप स्टँडसमोर उलट्या बाजूनं जोरात आली. माझ्या आजीच्या पायावरून चाक जाता जाता राहिलं. जीपचा नंबर मला पाठ आहे. आता त्या नंबराचं मी काय करू?"

प्रश्न किती साधा, बघा! पण वर्गात एकदम गलका झाला. एक जण म्हणाला, "नंबर मोबाइलवर टाकायचा, सगळ्यांना पाठवायचा. गावभर बदनामी!" दुसरा म्हणाला, "माझा मामा त्याला गाठून दम देईल." तिसरी म्हणाली, "पोलिसांना सांगितलं तर ते आपल्यालाच बसवून ठेवतात, असं आमचे पप्पा म्हणतात." आणि चौथा अगदी थंडपणे म्हणाला, "आजीला लागलं नाही ना? मग जाऊ दे की!"

ही चारही उत्तरं तुमच्या घरातही ऐकू येतील. म्हणून एकेक करून बघू. आधी त्या 'जाऊ दे की'चं बघू.

लागलं नाही, म्हणून जाऊ द्यायचं?

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. वही काढा आणि भागाकार करा. ३६५ नं भागलं की दिवसाला सुमारे ४६१. २४ नं भागलं की तासाला १९. आपली गणिताची ३५ मिनिटांची तासिका संपून घंटा होईपर्यंत देशात ११ माणसं रस्त्यावर गेलेली असतात. आणि त्या अहवालाप्रमाणे यातले दर दहातले सात मृत्यू अतिवेगामुळं झाले.

म्हणजे हे बहुतेक अपघात आभाळातून कोसळलेले नाहीत. कुणीतरी गाडी जोरात पळवली, कुणीतरी वळणावर ओव्हरटेक केलं, कुणीतरी उलट्या बाजूनं घातली. असं करणारा माणूस पहिल्याच दिवशी कुणाला उडवतो असं नसतं. तो रोज तसाच चालवत असतो आणि रोज कुणीतरी थोडक्यात वाचत असतं. वाचलेला माणूस 'जाऊ दे' म्हणतो. एक दिवस मात्र कुणी वाचत नाही. आजीला लागलं नाही ही आनंदाची गोष्ट. पण तीच जीप पुढच्या बाजारादिवशी त्याच रस्त्यानं येणार आहे, ही त्यातली दुसरी गोष्ट.

रागाचं वेगळं, धोक्याचं वेगळं

आता, रस्त्यावर आपल्याला ज्याचा ज्याचा राग येतो, त्या प्रत्येकाची वर्दी द्यायची का? नाही हं! कुणी उगाच हॉर्न वाजवला, कुणी गाडी आडवी लावली, कुणी पाण्याच्या डबक्यातून गाडी नेऊन आपला गणवेश भिजवला, तर राग येणारच. पण कठड्याची गोष्ट आठवा. प्रश्न विचारायचा तो असा : यानं कुणाचा जीव धोक्यात येतोय का?

कायद्यानंही हे स्पष्ट सांगितलंय. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं १८४ वं कलम धोकादायक पद्धतीनं गाडी चालवण्याबद्दल आहे. २०१९ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि धोकादायक म्हणजे काय काय, त्याची यादीच त्यात घातली गेली. लाल सिग्नल तोडणं, थांबण्याची खूण न मानणं, गाडी चालवताना हातात मोबाइल धरणं, नियम मोडून ओव्हरटेक करणं, वाहतुकीच्या उलट्या दिशेनं गाडी घालणं, आणि सावध चालक कधीच चालवणार नाही इतक्या बेफिकिरीनं गाडी हाकणं. अशा वागण्यानं लोकांना धोका झाला तर पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला वेगळं कलम आहे, १८५ वं. त्यात पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आमच्या भागात ऊस पिकतो. हंगाम सुरू झाला की रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर निघतात. त्यांतले पुष्कळ जण सांभाळून चालवतात. पण एखाद्याच्या ट्रॉलीला मागं ना लाल दिवा, ना चमकणारा रिफ्लेक्टर. वर टेपचा आवाज इतका मोठा, की मागच्या गाडीचा हॉर्न ऐकूच येत नाही. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती ट्रॉली अगदी जवळ आल्यावरच दिसते. गाणी मोठ्यानं लावली म्हणून आपल्याला राग येतो. पण ट्रॉली अंधारात दिसत नाही, हा धोका. सांगायचं झालं तर आधी हे सांगायचं. ऊस ज्या कारखान्याला चाललाय त्याच्या गट ऑफिसातही ते सांगता येतं.

सेकंदाचं गणित

'जरा जोरात चालवली तर काय होतं?' असं कुणी म्हणालं, तर त्याला हे गणित घाला. ताशी ३६ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला १० मीटर. ताशी ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर. समोर मूल आलेलं दिसलं, ते डोक्यात शिरलं आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यालाच साधारण एक सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच गाडी १० किंवा २० मीटर पुढं गेलेली असते.

त्यापुढची गंमत ऐका. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं! ताशी ३६ ला गाडी ब्रेकनंतर ८ मीटरांत थांबत असेल, तर तीच गाडी त्याच रस्त्यावर ताशी ७२ ला ३२ मीटर घेईल. एकूण बेरीज करा. पहिली गाडी १८ मीटरांत थांबली. दुसरी ५२ मीटरांत. आणि पावसानं रस्ता ओला असेल तर याहूनही जास्त.

आता मोबाइल. ताशी ७२ नं जाणाऱ्या चालकानं फक्त तीन सेकंद मोबाइलकडं पाहिलं, तर त्या वेळात गाडी ६० मीटर जाते. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब असतं. म्हणजे दोन मैदानांहून जास्त अंतर तो डोळे मिटून गाडी चालवतो म्हणा ना!

पाच 'क'

वर्दी द्यायची, तर ती उपयोगी पडेल अशी द्यायला हवी. 'एक गाडी लई जोरात गेली' एवढं सांगून पोलीस काय करणार? त्यासाठी हे पाच 'क' पाठ करा.

१. कोणतं वाहन? जीप, ट्रक, मोटारसायकल, बस. रंग आणि नंबर.
२. काय केलं? डोळ्यांनी पाहिलं तेवढंच.
३. कुठं? रस्त्याचं नाव, जवळची खूण, हायवे असेल तर किलोमीटरचा दगड.
४. कधी? दिवस आणि वेळ.
५. कुणीकडं गेलं? म्हणजे पुढं कुठं अडवायचं ते कळतं.

यातला दुसरा 'क' सगळ्यांत अवघड आहे. 'तो दारू प्यायला होता' हे तुम्ही पाहिलेलं नसतं, ते तुम्ही ओळखलेलं असतं. तुम्ही पाहिलेलं असतं ते असं : 'गाडी एकदा डाव्या कडेला, एकदा उजव्या कडेला जात होती, दुभाजकाला घासली.' 'तो शंभरनं चालला होता' हेही आपला अंदाजच. 'स्पीडब्रेकरवर न थांबता गेला, मागं बसलेली बाई उडाली' हे डोळ्यांनी पाहिलेलं. विज्ञानाच्या वहीत आपण निरीक्षण एका बाजूला आणि निष्कर्ष दुसऱ्या बाजूला लिहितो ना? तसंच. निरीक्षण आपलं, निष्कर्ष पोलिसांचा. असं केलं की आपल्या हातून कुणावर खोटा आळ येत नाही.

नंबर कसा वाचायचा?

नंबरप्लेट म्हणजे गाडीचं नाव, गाव आणि हजेरी क्रमांक. 'एमएच' म्हणजे महाराष्ट्र. पुढचे दोन आकडे गाडीची नोंद कुठं झाली ते सांगतात. ०१ मुंबई, ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे, १५ नाशिक, ३१ नागपूर, ५० कऱ्हाड. 'जीए' दिसलं तर गोवा, 'केए' दिसलं तर कर्नाटक. त्यानंतर एक-दोन इंग्रजी अक्षरं आणि शेवटी चार आकडे. त्या मधल्या अक्षरांत 'आय' आणि 'ओ' वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. म्हणजे तिथं गोल दिसला तर तो 'क्यू' किंवा 'डी' आहे का, ते नीट बघायचं.

पाटीचा रंगही बोलतो. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खाजगी गाडी. पिवळीवर काळी म्हणजे भाड्याची, धंद्याची गाडी. हिरवी पाटी म्हणजे विजेवर चालणारी.

सगळं एका नजरेत लक्षात राहत नाही. म्हणून आधी शेवटचे चार आकडे, मग अक्षरं, मग जिल्ह्याचा आकडा असं पाठ करा आणि लगेच हातावर किंवा वहीच्या मागं लिहा. अर्धाच नंबर मिळाला तर अर्धाच सांगा. उरलेला मनानं भरू नका! आणि हो, काही दादालोक ४१४१ हा आकडा 'दादा' दिसेल असा वळवून लिहून घेतात. तशी पाटी लावणं हाच मुळात नियमभंग आहे. अशा वेळी 'दादा लिहिलेली गाडी' एवढं सांगितलं तरी चालतं!

सांगायचं कुणाला?

सगळ्यांत आधी जवळच्या मोठ्या माणसाला. आई, बाबा, शिक्षक, बसचे कंडक्टर काका. धोका आत्ता, या क्षणी चालू असेल, म्हणजे गाडी अजून रस्त्यावर तशीच धावत असेल, तर ११२ नंबर फिरवायचा. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी मिळून हा एकच नंबर आहे आणि तो फुकट लागतो. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ही महामार्गाची मदतीची लाइन. कुणी जखमी असेल तर रुग्णवाहिकेचा १०८ तुम्हाला माहीतच आहे.

फोनवर कसं बोलायचं? असं :

"नमस्कार. मी कऱ्हाड-मसूर रस्त्यावरून बोलतेय. पांढरी जीप, एमएच ५०, शेवटचे आकडे अमुक अमुक. वळणावर दोनदा ओव्हरटेक केलं, समोरची एसटी कशीबशी थांबली. आत्ता पाच मिनिटं झाली. मसूरकडं गेलीय. आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलोय."

झालं! अर्ध्या मिनिटाचं काम. घाबरून ओरडायचं नाही, भरभर बोलायचं नाही. विचारतील तेवढं सांगायचं आणि ते म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

गोष्ट कालची असेल, किंवा रोज घडणारी असेल, तर ११२ वर गर्दी करू नये. मोठ्या माणसांनी पोलीस ठाण्यात किंवा वाहतूक शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. मोबाइलवरून कळवायचं असेल तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं 'महाट्रॅफिक' हे अॅप आहे. एसटीच्या चालकाबद्दल काही सांगायचं असेल तर आगारात जाऊन आगार व्यवस्थापकांकडं लेखी द्यायचं. बसचा नंबर, मार्ग आणि वेळ तिकिटाच्या मागं लिहून ठेवा. तिकीट मात्र फेकू नका.

आणि गंमत म्हणून फोन लावायचा नाही, बरं का! खोटी माहिती देऊन पोलिसांना पळवणं हाही गुन्हाच आहे. शिवाय तेवढ्या वेळात खरोखर संकटात असलेल्या कुणाचा फोन ताटकळत राहतो.

पोलीस आपल्यालाच धरतील?

ही तिसरीची शंका. मोठी माणसंसुद्धा याच भीतीनं गप्प बसतात. अपघात झाला, माणूस रस्त्यात पडलाय, आणि सगळे 'नसतं लचांड नको' म्हणून पुढं जातात. म्हणून २०१६ साली सुप्रीम कोर्टानं मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारे नियम सगळ्या देशाला लागू केले. रस्त्यात जखमी पडलेल्या माणसासाठी पोलिसांना फोन करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं हे संरक्षण कायद्यातही आलं, १३४-अ या कलमानं.

बेफाम गाडीची वर्दी देताना आपलं नाव विचारतील. ते सांगावं. पण 'माझं नाव गाडीवाल्याला कळू देऊ नका' असंही सांगता येतं. आणि आणखी एक खरं सांगते. प्रत्येक वर्दीनंतर पोलीस लगेच ती गाडी अडवतीलच असं नाही. कधी गाडी सापडत नाही, कधी नुसती समज देऊन सोडतात. म्हणून सांगणं फुकट गेलं असं समजायचं नाही. आपलं काम पाहिलेलं खरं खरं सांगण्याचं. चौकशी करणं त्यांचं काम, शिक्षा देणं कोर्टाचं.

राहिली पहिली दोन उत्तरं. मामानं गाठून दम द्यायचा? मग रस्त्यावर एकाऐवजी दोन बेफाम गाड्या झाल्या! पाठलाग करायचा नाही, गाडी आडवी घालायची नाही, दगड तर मुळीच उचलायचा नाही. चिडलेला माणूस आणखी जोरात चालवतो. आणि नंबर गावभर पाठवायचा? समजा, तुमचा एक आकडा चुकला. मग भलत्याच माणसाच्या दारात लोक भांडायला जातील. ज्याचा नंबर बरोबर आहे तोही आपली गाडी सुधारणार नाही, तुमच्यावर डूख मात्र धरेल. फोटो काढायचाच असेल तर तो मागं बसलेल्या मोठ्या माणसानं, सुरक्षित जागी थांबून काढावा आणि फक्त पोलिसांना द्यावा.

ओळखीचा माणूस असेल तर?

आता खरा अवघड प्रश्न. अनोळखी जीपवाल्याची वर्दी देणं सोपं आहे. पण गाडी चालवणारे काका रोज आपल्याला शाळेत आणणारे असतील तर? ते आपल्याला नावानं हाक मारतात, पाऊस आला तर दप्तर डोक्यावर धरतात, वाढदिवसाला गोळ्या देतात. आणि तेच काका गाडी चालवताना कानाला मोबाइल लावतात. सांगितलं तर त्यांची गाडी बंद होईल. न सांगितलं तर?

अशी एक व्हॅन माझ्या माहितीतली आहे. मुलं दाटीवाटीनं कोंबलेली, दोघं चालकाच्या शेजारच्या सीटवर, दप्तरं बाहेर लोंबणारी. आणि चालक एका हातानं फोनवर. मुलांनी घरी सांगितलं होतं. पण पालक म्हणायचे, "व्हॅन बंद झाली तर पोरांना सोडणार कोण? आणि माणूस चांगला आहे हो!" माणूस चांगलाच होता. त्यात वाद नव्हता.

शेवटी दोन आयांनी आधी त्यालाच बोलावून समोरासमोर सांगितलं. आठ दिवस बरे गेले, नंतर पुन्हा तेच. मग त्यांनी मुख्याध्यापकांना लेखी दिलं. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ साली नियम झाले आहेत. त्यांत प्रत्येक शाळेनं शालेय परिवहन समिती नेमायची असते आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. तिथं आयांच्या अर्जावर चर्चा झाली, तेव्हा खरं दुखणं बाहेर आलं. काकांना कमी मुलं घेऊन गाडीचा हप्ता परवडत नव्हता, आणि पालकांना जास्त पैसे द्यायचे नव्हते. मुलं कोंबली जात होती ती दोघांच्या संमतीनं! मग महिन्याचे पैसे थोडे वाढले, मुलं कमी झाली आणि मोबाइल डिकीत गेला. दोन घरांनी पैसे वाढले म्हणून व्हॅन सोडली. काका महिनाभर त्या दोन आयांशी बोलले नाहीत. सगळं गोड गोड झालं असं मी म्हणणार नाही. पण मुलं नीट बसून यायला लागली.

म्हणून ओळखीच्या माणसासाठी पायऱ्या लक्षात ठेवा. आधी मोठ्यांमार्फत त्यालाच सांगायचं. मग शाळेला किंवा त्याच्या मालकाला. आणि तरीही तसंच चाललं, तर पोलीस किंवा आरटीओला. पण दारू पिऊन गाडी चालवत असेल, तर पायऱ्या मोजत बसायचं नाही. त्या गाडीत बसायचंच नाही आणि लगेच सांगायचं, मग तो कितीही लाडका काका असो. मुलांना स्वतःला काही अडचण असेल तर त्यांच्यासाठी १०९८ हा नंबर आहे.

आणि बाबाच असतील तर?

काही जण हे वाचताना हळूच मागं बघत असतील. बाबा गाडी जोरात चालवतात, आई स्कूटरवर फोनवर बोलते. त्यांची वर्दी पोलिसांना द्यायची? पहिली वर्दी त्यांनाच द्या. 'बाबा, मला भीती वाटतेय, हळू चालवा.' एवढंच वाक्य, सरळ आवाजात. फोन वाजला तर म्हणा, 'मी उचलते, तुम्ही चालवा.' तरी ऐकलं नाही, तर आजीला सांगा. आमच्याकडं तरी आजीपुढं कुणाचं चालत नाही!

पालकहो, आता दोन शब्द तुमच्याशी. मूल असं म्हणालं, तर 'गप्प बस, तुला काय कळतं' म्हणू नका. ते तुमची चहाडी करत नाही. कठड्यावर चढलेल्या माणसाला ते खाली बोलावतंय. आणि आठवी-नववीतल्या मुलाच्या हातात गाडीची किल्ली देताना एवढं ध्यानात ठेवा. गिअरच्या मोटारसायकलला आणि चारचाकीला अठरा वर्षं पूर्ण लागतात. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं लायसन मिळतं आणि आपल्या दारातल्या बहुतेक स्कूटर त्याहून मोठ्या असतात. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर १९९-अ कलमानं पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांनी सांगितलं. त्याच्या वडिलांवरही गुन्हा दाखल झाला. त्या किल्लीला वेळीच कुणी 'नाही' म्हटलं असतं, तर?

या आठवड्याचा उद्योग

एसटीत, रिक्षात किंवा गॅलरीत बसून 'नंबर-नंबर' खेळा. एक गाडी दोन सेकंद बघायची, तोंड फिरवायचं आणि नंबर, रंग, दिशा सांगायची. जोडीदारानं तपासायचं. दहापैकी किती बरोबर आले ते मांडून ठेवा. रस्त्याच्या कडेला उभं राहून मात्र हा खेळ खेळायचा नाही, कळलं?

दुसरं असं, की मोठ्या माणसाबरोबर शाळेच्या फाटकाच्या आत उभं राहून दहा मिनिटं मोजणी करा. किती जण चालवताना मोबाइलवर बोलत होते, किती उलट्या बाजूनं आले, किती ट्रिपल सीट होते. फक्त आकडे लिहा, कुणाचं नाव किंवा गाडीचा नंबर नको. तो तक्ता मुख्याध्यापकांच्या सहीनं तुमच्या पोलीस ठाण्यात द्या. शाळा सुटायच्या वेळेला फाटकासमोर एक हवालदार द्या, अशी विनंतीही त्यात लिहा. आणि त्यांनी काय उत्तर दिलं ते मला पत्रानं कळवा. पत्ता आहेच तुमच्याकडं.

अरे हो, त्या आजीच्या जीपचं काय झालं, ते राहिलंच! आमच्या मुलीनं पाच 'क' वहीच्या पानावर लिहून काढले. तिच्या वडिलांनी तो कागद अर्जाला जोडून पोलीस ठाण्यात दिला आणि पोच घेतली. आता त्याची चौकशी व्हायचीय. दर सोमवारी परिपाठ संपला की ती मला विचारते, "बाई, काही कळलं का हो?" अजून काही कळलेलं नाही. पण पोच तिनं दप्तरात जपून ठेवलीय, आणि पंधरा दिवसांत काही कळलं नाही तर ती पोच घेऊन ते दोघं पुन्हा ठाण्यात जाणार आहेत.

तुमच्या,
बाई